यंत्राची दृष्टी आणि वाहनाचे नाव : चालक-साहाय्य प्रणालींच्या काही मर्यादा

भाषाशास्त्र शिकविणाऱ्याने मोटारीच्या यंत्ररचनेविषयी लिहावे, हा काहीसा अधिकारातिक्रम वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या यंत्राचा विचार येथे करावयाचा आहे त्याचे मुख्य कार्य नाव देणे हे आहे, आणि नाव व वस्तू यांचा संबंध हा आमच्या विषयाचा जुना प्रश्न होय. मोटारीच्या पुढील काचेमागे, आरशाजवळ बसविलेला कॅमेरा रस्त्याची चित्रे घेतो. त्या चित्रांत ‘मोटार’, ‘ट्रक’, ‘दुचाकी’ यांचा शोध घेतला जातो. आणि पुढील वाहनावर आपली गाडी आदळेल असे दिसल्यास यंत्र चालकास सावध करते किंवा स्वतःच ब्रेक लावते. या व्यवस्थेस चालक-साहाय्य प्रणाली म्हणतात. ती उपयुक्त आहे याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच की, जेव्हा ती काहीच सांगत नाही तेव्हा तिच्या मौनाचा अर्थ काय घ्यावयाचा?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकास सुचला तो एका प्रवासात. गेल्या गळीत हंगामात एका सहकाऱ्यांच्या नव्या गाडीतून सांगलीहून कोल्हापूरकडे येत होतो. दिवेलागणीची वेळ होती. गाडीतील पडद्यावर पुढील वाहनांची लहान लहान चित्रे उमटत होती. आमच्या पुढे उसाने भरलेली ट्रॉली होती. मोळ्या मागे व दोन्ही बाजूंना इतक्या बाहेर आल्या होत्या की, ट्रॉलीची चाके दिसत नव्हती. पडद्यावर क्षणभर ट्रकचे चित्र आले, मग ते नाहीसे झाले, मग मोटारीचे आले, आणि पुन्हा काही नाही. सहकारी म्हणाले, “सर, ह्याच्या लेखी पुढचा रस्ता मोकळा आहे.” ते वेग आधीच कमी करून सावधपणे चालवीत होते म्हणून काही घडले नाही. परंतु ‘ह्याच्या लेखी रस्ता मोकळा आहे’ हे त्यांचे विधान मनात राहिले. ते विधान खरे होते काय? यंत्राने ‘रस्ता मोकळा आहे’ असे म्हटले होते, की केवळ ‘वाहन आहे’ असे म्हटले नव्हते?

या दोहोंतील अंतर शाब्दिक नाही. ७ मे २०१६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विलिस्टन गावाजवळ टेस्ला कंपनीची एक मोटार, तिची ‘ऑटोपायलट’ नावाची साहाय्य प्रणाली चालू असताना, रस्ता ओलांडणाऱ्या मालट्रकच्या जोडवाहनाखाली शिरली आणि चालक मृत्यू पावला. गाडीचा वेग ताशी सुमारे ११९ किलोमीटर होता. सूचनाही मिळाली नाही आणि ब्रेकही लागला नाही. ट्रकची पांढरी बाजू उजळलेल्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर यंत्राच्या वा चालकाच्या लक्षात आली नाही, असे कंपनीने त्या वेळी म्हटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ साली दिलेल्या अहवालात मात्र याहून अधिक मूलगामी कारण पुढे आले: ही प्रणाली आडव्या जाणाऱ्या वाहनास ओळखण्यासाठी रचलेलीच नव्हती. तिला शिकविले होते ते पुढे चालणाऱ्या वाहनाची मागची बाजू ओळखावयास. १ मार्च २०१९ रोजी त्याच राज्यातील डेलरे बीच येथे जवळजवळ याच प्रकारचा अपघात झाला. पुन्हा आडवा ट्रक, पुन्हा चालकाचा मृत्यू. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, दोन्ही गाड्यांत कॅमेऱ्याबरोबर रडारही होते, आणि दोन्ही वेळा चालकाने यंत्रावर अतिरिक्त विसंबून राहणे हेही कारण मंडळाने नोंदविले.

या अपघातांतील ट्रक अदृश्य नव्हता. मोकळ्या रस्त्यावर, कॅमेऱ्याच्या भिंगातून त्याचा प्रकाश आत गेला होता. कमी होती ती नावाची.

कॅमेऱ्याने घेतलेले चित्र हा मुळात केवळ आकड्यांचा एक तक्ता असतो. प्रत्येक चित्रबिंदूची, म्हणजे पिक्सेलची, उजळता व रंग एवढेच त्यात असते. त्यात ‘मोटार’ नसते. माणसांनी आधी हजारो चित्रांत वाहनांभोवती चौकटी आखून प्रत्येक चौकटीस नाव दिलेले असते, आणि यंत्र त्या उदाहरणांवरून रूप व नाव यांची सांगड घालावयास शिकते. नव्या चित्रात ते प्रत्येक संशयित चौकटीस एक गुण देते. गुण ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर ‘मोटार’, नाही तर काही नाही. तेव्हा हे यंत्र कोणत्या नामसूचीवर शिकले, हा प्रश्न त्याच्या भिंगापेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

या शाखेतील एक प्रसिद्ध संग्रह जर्मनीतील कार्ल्सरूहे शहर व परिसरात तयार झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. ‘किट्टी’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या सूचीत मोटार, व्हॅन, ट्रक, ट्राम, सायकलस्वार, पादचारी, बसलेली व्यक्ती अशी नावे आहेत. जे यांत बसत नाही ते ‘संकीर्ण’. याखेरीज एक विलक्षण नाव आहे, ‘डोंट केअर’. फार दूर असलेल्या किंवा ज्यांची नोंद घ्यावयाची नाही अशा भागांस ही खूण लावतात. संशोधनाच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. परंतु सूची म्हणजे त्या त्या समाजाच्या रस्त्याचा शब्दकोश असतो, आणि कार्ल्सरूहेच्या शब्दकोशात ऑटोरिक्षा का नाही हे विचारण्याचे कारण नाही. ती आपल्या शब्दकोशात असावयास हवी. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने इंटेलच्या सहकार्याने भारतीय रस्त्यांचा जो संग्रह केला त्यात दहा हजार चित्रे व चौतीस वर्ग आहेत. त्यांत ऑटोरिक्षा आहे, जनावर आहे, आणि ज्यास कोणतेच नाव धड लागत नाही अशा वाहनासाठी एक शेष-वर्गही आहे. हा शेष-वर्ग मला या संग्रहातील सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते. आपल्या रस्त्यांवर डिझेल इंजिन जोडलेले लाकडी गाडे, आडव्या सळया घेऊन चाललेली हातगाडी, चार माणसे व दुधाच्या किटल्या घेतलेली दुचाकी यांना शेष-वर्गाशिवाय अन्यत्र जागा नाही.

मराठीतील ‘वाहन’ हा शब्द येथे थोडा अवघड ठरतो. तो ‘वह्’ या धातूपासून आला. वाहून नेते ते वाहन. व्याख्या कार्यावर आधारलेली आहे, आकारावर नव्हे; म्हणून तर गणपतीचा उंदीर हेही वाहन होऊ शकते. इंग्रजीतील ‘व्हेईकल’ लॅटिनमधील ज्या धातूवरून आला तो ‘वह्’चाच दूरचा भाऊबंद आहे. परंतु वाहून नेण्याची क्रिया चित्रबिंदूंत दिसत नाही. दिसतो तो आकार. एलिनॉर रॉश यांनी १९७५ साली अमेरिकन विद्यार्थ्यांकडून निरनिराळ्या वर्गांतील वस्तू किती ‘उत्तम उदाहरण’ आहेत याचे गुणांकन करून घेतले. ‘वाहन’ या वर्गात मोटार अग्रस्थानी राहिली आणि उद्वाहक, म्हणजे लिफ्ट, अगदी शेवटाकडे. मनुष्याच्या मनातील वर्गासही असा गाभा व असा काठ असतो. फरक इतकाच की, काठावरील वस्तू पुढे आली तर माणूस तिला चटकन नाव देऊ शकला नाही तरी तिच्यावर जाऊन आदळत नाही.

नैयायिकांनी उपमान या प्रमाणाच्या विवेचनात गवयाचा दृष्टान्त दिला आहे. गवय म्हणजे गाईसारखा एक प्राणी, एवढे एखाद्या नागरिकाने अरण्यवासीयाकडून ऐकलेले असते. पुढे रानात तसा प्राणी दिसताच ‘हाच गवय’ असे त्यास कळते. संज्ञा व संज्ञी यांचा संबंध येथे प्रथमच जुळतो. या दृष्टान्तात एक गोष्ट गृहीत आहे, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. नाव जुळण्यापूर्वीच त्या नागरिकास समोर ‘एक प्राणी’ दिसलेला असतो. उपमान नंतरचे, प्रत्यक्ष आधीचे. चौकटी व नावे शिकलेल्या यंत्रात हा क्रम उलटा आहे. नाव लागले तरच वस्तू. नाव न लागल्यास त्या जागी पार्श्वभूमी, म्हणजे आकाश, झाडी किंवा डांबर.

बरे, नाव चुकले तर फारसे काय बिघडते? ट्रकला मोटार म्हटले तरी ब्रेक लागलाच ना? येथे भूमितीचा थोडा आधार घ्यावा लागेल, कारण एकाच डोळ्याने पाहणाऱ्या यंत्रास अंतर प्रत्यक्ष दिसत नाही. ते अनुमानाने काढावे लागते.

अनुमानाचा एक मार्ग असा. सपाट रस्त्यावरील दूरची वस्तू चित्रात क्षितिजाच्या जवळ दिसते आणि जवळची वस्तू खाली. कॅमेरा जमिनीपासून १.२ मीटर उंच असून त्याच्या भिंगाचे केंद्रांतर १००० चित्रबिंदूंइतके आहे असे धरू. मग २० मीटरवरील वाहनाची चाके जेथे रस्त्याला टेकतात ती रेषा क्षितिजाखाली ६० चित्रबिंदूंवर येईल, ४० मीटरवर ३०, आणि १०० मीटरवर अवघ्या १२ चित्रबिंदूंवर. या रेषेच्या निश्चितीत एका चित्रबिंदूची चूक झाली तर २० मीटरवर जेमतेम एक फुटाचा फरक पडतो. १०० मीटरवर मात्र तोच फरक आठनऊ मीटरांचा होतो. चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. शिवाय क्षितिज कोठे आहे हेही यंत्रास ठरवावे लागते. खड्ड्यामुळे वा ब्रेकमुळे गाडीचे नाक एक अंश जरी खाली झुकले तरी चित्र सतराअठरा चित्रबिंदूंनी सरकते, म्हणजे १०० मीटरवरील वाहनाच्या संपूर्ण मोजमापाहूनही अधिक. यंत्रे रस्त्यावरील पट्ट्यांवरून ही झुकण्याची दुरुस्ती करतात. पट्टे पुसलेले असतील तेथे ही दुरुस्तीही कच्ची राहते.

आता पुन्हा उसाच्या ट्रॉलीकडे वळू. चाके मोळ्यांनी झाकली असतील आणि यंत्रास दिसणारी सर्वांत खालची कड जमिनीपासून ०.६ मीटर उंच असेल, तर ४० मीटरवरील ट्रॉलीची ती कड चित्रात क्षितिजाखाली १५ चित्रबिंदूंवर येईल. ही कड रस्त्याला टेकली आहे असे मानणारे यंत्र अंतर काढील ८० मीटर. वस्तू दिसली, नावही कदाचित बरोबर लागले, तरी ती दुप्पट दूर गेली. विलिस्टनच्या ट्रकलाही असेच उंच पोट होते. अंतर हेच त्या अपघाताचे कारण होते असे मी म्हणत नाही; पण ज्याखालून रस्ता दिसतो अशी वस्तू या पद्धतीस स्वभावतःच अवघड असते.

दुसरा मार्ग रुंदीचा. मोटारीची रुंदी साधारण १.८ मीटर असते हे ठाऊक असेल, तर चित्रातील रुंदीवरून अंतर निघते. पण ऑटोरिक्षा सुमारे १.३ मीटर रुंद असते. ३० मीटरवरील रिक्षास यंत्राने ‘मोटार’ म्हटले तर ते तिला ४१ मीटरांवर ठेवील. येथे नावाची चूक ही अंतराची चूक झाली, आणि ताशी ७२ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीस अकरा मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ होय. अंधारात परिस्थिती याहून बिकट असते. वाहन म्हणजे तेव्हा दोन तांबडे ठिपके. जवळजवळ असलेल्या ठिपक्यांची जोडी ही दूरची मोटार की जवळचे अरुंद वाहन, हे त्या ठिपक्यांवरून सांगता येत नाही. आणि आमच्या ट्रॉलीस तर एकही दिवा नव्हता.

तिसरा मार्ग अधिक सुंदर आहे, व त्यात अंतर वा रुंदी यांपैकी काहीच जाणावे लागत नाही. जवळ येणारी वस्तू डोळ्यांपुढे मोठी होत जाते. तिच्या आकारास त्याच्या वाढीच्या दराने भागले की आदळण्यास किती वेळ उरला हे निघते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ साली चालकाच्या ब्रेक लावण्याच्या संदर्भात हा सिद्धान्त मांडला. (हेच सूत्र फ्रेड हॉइल यांनी १९५७ सालच्या आपल्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरीत, पृथ्वीकडे येणाऱ्या मेघाच्या निमित्ताने, वापरले होते. हॉइल म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू. विज्ञानकथा वाचणे हा वेळेचा अपव्यय मानणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा उल्लेख.) परंतु येथेही मोजमापाची सूक्ष्मता आड येते. वरच्याच कॅमेऱ्यातून ५० मीटरवरील १.७ मीटर रुंदीची मोटार ३४ चित्रबिंदू रुंद दिसते. सेकंदास २० मीटर वेगाने तिच्याकडे जात असता दशांश सेकंदात ही रुंदी होते ३५.४. सारा निर्णय या दीड चित्रबिंदूच्या वाढीवर. दुचाकी ०.७ मीटर रुंद धरली तर वाढ अर्ध्या चित्रबिंदूच्या थोडी वर जाते. म्हणून यंत्रास काही काळ थांबून अनेक चित्रे पाहावी लागतात, आणि त्या काळात गाडी पुढे जातच असते.

अरुंद व उंच वाहनांची ही अडचण केवळ कागदावरील नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पुढील धडक टाळणाऱ्या प्रणालींमुळे मोटारीवर मागून आदळण्याचे प्रमाण ५३ टक्क्यांनी घटले. मोटारसायकलवर आदळण्याचे ४१ टक्क्यांनी, आणि मध्यम व अवजड ट्रकवर आदळण्याचे ३८ टक्क्यांनी. लाभ तिन्हींत आहे. पण तो गाभ्याशी अधिक आहे, काठाशी कमी. युरोपातील चाचण्यांत जे कृत्रिम मऊ वाहन रस्त्यावर ठेवतात तेही दिसावयास एक लहान हॅचबॅक मोटारच असते. प्रश्नपत्रिका अशी असल्यावर अभ्यासही तिच्यापुरता व्हावा, हे आम्हा अध्यापकांस नवे नाही. उपरोक्त विमा संस्थेने अलीकडे आपल्या चाचणीत मोटारसायकल व मालट्रकचे जोडवाहन यांचा समावेश केला, हे इष्टच झाले.

मग गुणाची मर्यादा खाली आणून, जरा संशय आला तरी ब्रेक लावावयास काय हरकत आहे? हरकत हिशेबाची आहे. सेकंदास ३० चित्रे घेणारा कॅमेरा तासाला १,०८,००० चित्रे पाहतो. लाखात एका चित्रात जरी नसलेले वाहन दिसले, तरी तासाभरात सरासरी एकदा गाडी रिकाम्या रस्त्यावर करकचून थांबेल, आणि मागून येणारी तिच्यावर आदळेल. २०२० साली इस्राएलमधील बेन-गुरिअन विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर प्रक्षेपित केलेल्या निव्वळ चित्रांना अशा प्रणाली खरी वस्तू समजतात हे दाखविले होते. तेव्हा रचनाकार जाणूनबुजून यंत्रास मितभाषी करतो. त्याचे मौन अंशतः अज्ञानाचे आणि अंशतः धोरणाचे असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

नाव अस्थिर असल्यास काय होते याचे सर्वांत दारुण उदाहरण निराळ्या जातीच्या यंत्राचे आहे. १८ मार्च २०१८ रोजी अ‍ॅरिझोनातील टेम्पी येथे उबर कंपनीच्या प्रायोगिक स्वयंचलित मोटारीने हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस धडक दिली. ती मृत्यू पावली. या गाडीत रडार होते व लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडरही होते, म्हणजे अंतराची अडचण नव्हती. धडकेपूर्वी ५.६ सेकंद वस्तूचा शोध लागलाही होता. सुरक्षा मंडळाच्या अहवालाप्रमाणे यंत्राने तिला आधी ‘वाहन’ म्हटले, मग ‘इतर’, मग पुन्हा ‘वाहन’, मग ‘सायकल’. आणि नाव बदलले की त्या वस्तूच्या पूर्वीच्या हालचालींची नोंद विचारातून गळत असे. प्रत्येक नव्या नावाबरोबर ती जणू नव्याने जन्मास येई, आणि नवजात वस्तू कोणीकडे चालली आहे हे कोणास ठाऊक असणार! सांगलीच्या रस्त्यावर पडद्यावरील चित्र ट्रकचे मोटार होताना पाहिले तेव्हा मला हाच अहवाल आठवला. दोन्ही यंत्रे भिन्न आहेत, त्यांची आतील रचना भिन्न आहे. पण वस्तूची ओळख तिच्या नावास बांधण्याचा धोका एकच आहे.

पाऊस, धुके, समोरचा सूर्य यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ज्याने माणसाचा डोळा दिपतो त्याने कॅमेराही दिपतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०२१ साली कॅमेऱ्यापुढील काचेवर पाणी फवारून कृत्रिम पावसात चाचण्या केल्या. ताशी ५६ किलोमीटर वेगाने थांबलेल्या वाहनाकडे जाताना ३३ टक्के फेऱ्यांत धडक झाली, ४० किलोमीटर वेगाने १७ टक्के फेऱ्यांत. काच पुरती झाकली गेल्यास अनेक गाड्या तसे पडद्यावर सांगतात. हे मौन निदान घोषित असते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. टेबलावर घट दिसत नाही, यावरून तेथे घट नाही असे ज्ञान होते. पण त्यांनी एक अट घातली: ती अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. पडद्यावर वाहनाचे चित्र नाही, यावरून पुढे वाहन नाही असे चालकाने मानावयाचे असेल तर ‘असते तर दिसलेच असते’ हे त्यास ठाऊक असले पाहिजे. आणि वर पाहिल्याप्रमाणे आडवा ट्रक, बिनदिव्याची ट्रॉली, अनोळखी गाडा यांच्या बाबतीत हेच ठाऊक नसते. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेत ‘काही परिस्थितीत प्रणाली वाहन ओळखणार नाही’ अशा आशयाची वाक्ये भरपूर असतात. ती कायद्याच्या दृष्टीने पुरेशी असतील. पण पुस्तिका कपाटात असते आणि पडदा डोळ्यांपुढे. आणि पडद्याच्या भाषेत नकार व अज्ञान यांस एकच चिन्ह आहे, रिकामी जागा.

यंत्रशास्त्रज्ञांनाही ही गोष्ट उमगली आहे असे दिसते. २०२२ साली टेस्लाने जी नवी रचना जाहीर केली तीत ‘ही वस्तू कोणती?’ याऐवजी ‘समोरच्या अवकाशाचा हा तुकडा व्यापलेला आहे की मोकळा?’ असा प्रश्न विचारला जातो. अन्य कंपन्यांचेही प्रयत्न या दिशेने चालले आहेत. नैयायिकाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, गवयाचे नाव कळण्यापूर्वी समोर काहीतरी उभे आहे एवढे आता यंत्रास कळू लागेल. सुबारू कंपनीच्या २००८ पासूनच्या ‘आयसाइट’ प्रणालीत दोन कॅमेरे वापरून हेच वेगळ्या रीतीने साधले आहे, कारण दोन डोळ्यांस अंतरासाठी नावाची गरज पडत नाही. तथापि दोन कॅमेऱ्यांच्या मोजमापातही चूक अंतराच्या वर्गानेच वाढते, आणि व्याप्त-मोकळ्याचा निर्णय करणारे यंत्रही पुन्हा उदाहरणांवरूनच शिकलेले असते. ती उदाहरणे कोणत्या रस्त्यांवरची आहेत, त्यांत गळीत हंगामातील संध्याकाळ आहे की नाही, हे त्या गाडीच्या विक्रेत्यास विचारून पाहावे. माझ्या सहकाऱ्यांनी विचारले होते. विक्रेत्याने त्यांना पडद्याची उजळता कशी वाढवावयाची ते दाखविले.